अलादिन: मृगाच्या बाणाशेजारची धूळ दाखवणारा मोफत आकाश-नकाशा

मृग नक्षत्राच्या पोटात घुसलेल्या बाणाचे तीन तारे बहुतेकांना ओळखता येतात. त्यातला पूर्वेकडचा अल्निताक. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याने झाकला जाईल एवढ्या, म्हणजे साधारण दोन अंशांच्या चौकोनात या ताऱ्याशेजारी धुळीची जवळजवळ सगळी रूपं एकत्र सापडतात. फ्लेम तेजोमेघाला मधोमध चिरणारी काळी पट्टी, अश्वशीर्ष हा घोड्याच्या डोक्यासारखा काळा ढग, एनजीसी २०२३ हा निळसर परावर्तन तेजोमेघ आणि या सगळ्याला पश्चिमेकडून भाजत बसलेला सिग्मा ओरायनिस हा तारा. अलादिनच्या परीक्षणासाठी हाच चौकोन घेतला आहे. तारे जन्मणाऱ्या ढगातली धूळ आणि प्रारण एखादं साधन खरोखर दाखवतं की नुसती सुंदर चित्रं पुढे करतं, ते इथे लगेच कळतं.

अलादिन हे फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग वेधशाळेतल्या सीडीएस या खगोलीय माहिती केंद्राचं काम. त्याची दोन रूपं आहेत. अलादिन डेस्कटॉप १९९९ पासून आहे आणि जावावर चालतं. अलादिन लाइट थेट ब्राउझरमध्ये उघडतं. दोन्ही पूर्ण मोफत. नोंदणी नाही, जाहिरात नाही. दोन्हींच्या मुळाशी हिप्स नावाची पद्धत आहे: आकाशाची चौकट बारीक बारीक टाइलमध्ये कापून ठेवायची आणि पडद्यावर जेवढं दिसतंय तेवढ्याच टाइल मागवायच्या. म्हणून शेकडो गिगाबाइटचं सर्वेक्षण साध्या लॅपटॉपवरही सरसर सरकतं.

लाइटमध्ये शोधपेटीत अश्वशीर्षाचं इंग्रजी नाव किंवा बी ३३ टाका, दृश्यक्षेत्र दोन अंशांवर आणा आणि मग चित्र जरा पश्चिमेला सरकवून सिग्मा ओरायनिस चौकटीत घ्या. उत्तर वर असेल तर पश्चिम उजवीकडे येते. नकाशाच्या सवयीने इथे हमखास गोंधळ होतो. थर दाखवणाऱ्या बटणातून मूळ सर्वेक्षण बदलता येतं, त्यावर दुसरा थर चढवता येतो, थराची पारदर्शकता कमीजास्त करता येते. हीच सोय या साधनाचा प्राण आहे.

सुरुवातीला समोर येतं ते डीएसएस २ चं रंगीत चित्र. पालोमर आणि ऑस्ट्रेलियातल्या श्मिट दुर्बिणींच्या काचेवरच्या छायाचित्रांचं हे संगणकीकरण आहे. अश्वशीर्षामागचा लाल पडदा म्हणजे आयसी ४३४: सिग्मा ओरायनिसच्या अतिनील प्रारणाने आयनित झालेला हायड्रोजन, ६५६.३ नॅनोमीटरवर चमकणारा. अश्वशीर्ष स्वतः काळं, कारण त्यातली धूळ मागचा उजेड अडवते. एनजीसी २०२३ निळसर, कारण तिथली धूळ आतल्या बी वर्गाच्या ताऱ्याचा प्रकाश विखुरते आणि निळा प्रकाश जास्त विखुरला जातो. धूळ एकच, पण तारा कुठे आहे आणि आपण कुठून पाहतोय यावर तिचं रूप ठरतं. अल्निताकभोवतीचं मोठं वलय आणि क्रूस मात्र आकाशातले नाहीत. ते दुर्बिणीतले आणि काचेवरचे दोष. या चित्रावर मोजमाप कधीच करू नये. फोटोच्या इमल्शनचं काळवंडणं प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतं, आणि रंगीत टाइल तर आठ बिटांच्या जेपीईजी.

आता मूळ सर्वेक्षण टूमासवर, म्हणजे जवळच्या अवरक्तातल्या सर्वेक्षणावर आणा. १.२५, १.६५ आणि २.१७ मायक्रॉन, १९९७ ते २००१ या काळात ॲरिझोना आणि चिलीतल्या १.३ मीटरच्या दोन दुर्बिणींनी केलेलं. फ्लेमची काळी पट्टी इथे विरते आणि तिच्यामागून लालसर ताऱ्यांचा गुच्छ वर येतो. यामागचा हिशोब सोपा आहे. धुळीने दृश्य प्रकाश १० प्रतींनी (प्रत हे तेजाचं माप) मंदावला तर १०,००० पैकी एकच भाग पोचतो. तीच धूळ २.१७ मायक्रॉनला सुमारे १.१ प्रतीच अडवते, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त प्रकाश पार होतो. फ्लेमला अल्निताक उजळवतो, असं जुन्या लेखांत सर्रास वाचायला मिळतं. प्रत्यक्षात आयनित करणारा तारा त्या पट्टीमागे दडलेला आहे. आयआरएस २बी या नावाने तो २००३ साली पुढे आला आणि त्याच्यासमोर दृश्य प्रकाशात सुमारे २४ प्रतींची धूळ आहे. डीएसएसवर टूमासचा थर ठेवून पारदर्शकता शून्यापासून हळूहळू वाढवत नेली की हे एका मिनिटात पटतं. वर्गात दाखवण्यासारखा याच्या तोडीचा प्रयोग आमच्या माहितीत नाही.

इथे एक सावधगिरी हवी. टूमासमधला प्रत्येक लाल तारा गुच्छातला नसतो. धुळीमागचा सर्वसाधारण राक्षसी ताराही तसाच लाल दिसतो. नुसत्या रंगावरून तरुण तारा ठरवायचा नाही, २.१७ मायक्रॉनपलीकडे ताऱ्याभोवतीच्या तबकडीतल्या ऊबदार धुळीचा जादा उजेड दिसतो का ते बघायचं. त्यासाठी वाइज या अवरक्त उपग्रहाच्या सर्वेक्षणाकडे जावं लागतं.

वाइजच्या नावाने पहिल्यांदा हाती लागतं ते ऑलवाइजचं रंगीत हिप्स, आणि तिथेच सगळ्यात मोठी फसगत होते. त्या चित्रात लाल रंग डब्ल्यू ४ चा म्हणजे २२ मायक्रॉनचा, हिरवा डब्ल्यू २ चा म्हणजे ४.६ चा आणि निळा डब्ल्यू १ चा म्हणजे ३.४ चा. डब्ल्यू ३, म्हणजे १२ मायक्रॉनचा पट्टा, त्यात नाहीच. तारे जन्मणाऱ्या ढगांच्या अभ्यासात हाच पट्टा बहुधा सर्वांत बोलका, कारण ७.७, ८.६ आणि ११.३ मायक्रॉनच्या पीएएच रेणूंच्या पट्ट्या त्यात पडतात. हे मोठे कार्बनी रेणू १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्टपेक्षा कमी ऊर्जेच्या अतिनील फोटॉनने उत्तेजित होतात, पण आयनित वायूच्या आत गेले की फार टिकत नाहीत. म्हणून १२ मायक्रॉनला ढगाची भाजली गेलेली साल उजळते: जिथे आयनित वायू संपतो आणि रेणूंचा ढग सुरू होतो, ती किनार. डब्ल्यू ३ स्वतंत्र थर म्हणून लावा. एनजीसी २०२३ एकदम फुलून येतो आणि अश्वशीर्षाच्या पश्चिमेकडच्या, सिग्मा ओरायनिसकडे तोंड केलेल्या कडेवर उजेडाची बारीक रेघ उमटते. तिथे पोचणारं अतिनील प्रारण ताऱ्यांमधल्या सरासरी पातळीच्या सुमारे १०० पट आहे.

मग डब्ल्यू ४ एकटा लावा आणि सिग्मा ओरायनिसवर या. ताऱ्याच्या पूर्वेला, अश्वशीर्षाच्या बाजूला, धनुष्यासारखी एक कमान दिसते. या चौकोनातली आमच्या मते सर्वांत मोलाची गोष्ट हीच. ढगाच्या कडेवरून सुटलेला आयनित वायू ताऱ्याकडे वाहत येतो आणि येताना धूळ बरोबर आणतो. जवळ आल्यावर ताऱ्याच्या प्रकाशाचा दाब धुळीला थोपवतो, वायू मात्र पुढे निघून जातो. अडलेली धूळ साचते, तापते आणि २२ मायक्रॉनला चमकते. डीएसएसमध्ये या कमानीचा पत्ता नाही, टूमासमध्ये नाही, १२ मायक्रॉनलाही ती २२ इतकी ठसठशीत नाही. प्रारण धुळीला केवळ तापवत नाही, ढकलतंही, हे एका थरात दिसतं.

ती नीट दिसायला प्रतिमेची सेटिंग बदलावी लागते. आपोआप मिळणारी खालची आणि वरची मर्यादा बहुतेकदा पूर्ण सर्वेक्षणाच्या हिशोबाने ठरलेली असते. फ्लेमच्या झगमगाटात त्यामुळे सगळं पांढरं फटक होतं, आणि सिग्मा ओरायनिसची कमान उलट पार्श्वभूमीत बुडून जाते. टाइलचा प्रकार फिट्स (मूळ आकडे जपणारा) निवडा, ताण, म्हणजे आकडे पडद्यावर उतरवायची रीत, आसिन्ह ठेवा, वरची मर्यादा हळूहळू खाली आणा. लॉग ताण इथे टाळावा; पार्श्वभूमी वजा केलेल्या नकाशात शून्याखालचे आकडे असतात आणि लॉगमध्ये ते सपाट काळे होतात, मग तिथे धूळच नाही असा समज होतो. रंगपट्टी म्हणून इन्फर्नो किंवा व्हिरिडिस घ्या. इंद्रधनुषी पट्टी नको, तिच्यात जिथे रंग पालटतो तिथे नसलेली कडा दिसते.

पांढरं फटक होण्याची कारणं दोन, आणि ती वेगळी करता आली पाहिजेत. वरची मर्यादा वाढवल्यावर आतला तपशील परत आला, तर दोष पडद्याचा. मर्यादा कितीही वाढवली तरी गाभा सपाट राहिला किंवा तिथे भोक दिसलं, तर डिटेक्टरच भरून गेला होता. ती माहिती परत मिळत नाही. एम ४२ या मृगातल्या मोठ्या तेजोमेघाच्या गाभ्यात वाइजच्या लांब तरंगलांबीच्या पट्ट्यांत आणि स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीच्या २४ मायक्रॉनला हेच झालेलं आहे. तिथलं तापमान त्या आकड्यांवरून काढायला जाऊ नये.

यानंतर हर्शेल, युरोपीय अवकाश संस्थेची दूर अवरक्तातली अवकाश दुर्बीण. ३.५ मीटरचा आरसा, २००९ च्या मे महिन्यात प्रक्षेपण, २०१३ च्या एप्रिलमध्ये हेलियम संपलं आणि काम थांबलं. या पट्ट्यातलं प्रारण हवेतली वाफ खाऊन टाकते, म्हणून उपकरण वर न्यावंच लागतं. मुंबईच्या टीआयएफआरने १०० सेंटिमीटर आरशाची दुर्बीण हैदराबादहून फुग्याने उडवून दूर अवरक्तात ताराजन्माचे ढग मोजले, त्याचंही कारण हेच. ओरायन ए ढगातल्या आयनित कार्बनच्या १५८ मायक्रॉनच्या रेषेचा मोठा नकाशा त्या कामातून आला.

अलादिनमध्ये हर्शेलच्या दोन उपकरणांचे थर आहेत: पॅक्सचे ७० ते १६० आणि स्पायरचे २५०, ३५०, ५०० मायक्रॉनचे. स्पायर लावताच चित्र उलटं होतं. डीएसएसमधली काळी जागा इथे उजळते, आयसी ४३४ चा लाल पडदा जवळजवळ नाहीसा होतो. ढगाच्या आत दडलेल्या थंड धुळीचं स्वतःचं प्रारण आता समोर असतं. रंगीत स्पायरमध्ये २५० ला निळा आणि ५०० ला लाल रंग दिलेला आहे, म्हणून निळसर दिसेल ती धूळ तुलनेने गरम, लालसर ती थंड. नळाच्या तोटीवरच्या रंगांची सवय उलट असते, तेव्हा पाहुण्यांना आधी हे सांगावं.

तापमानाचा अंदाज घ्यायचा तर १६० आणि २५० मायक्रॉनच्या तेजस्वितेचं गुणोत्तर पुरतं. धुळीचा उत्सर्जन घातांक (तरंगलांबीनुसार तिचं उत्सर्जन किती बदलतं ते सांगणारा आकडा) १.८ धरला तर हे गुणोत्तर १५ केल्व्हिनला सुमारे १, २० केल्व्हिनला १.६ आणि ३० केल्व्हिनला २.६ येतं. मात्र त्याआधी तीन गोष्टी जुळवाव्या लागतात, आणि अलादिन त्यातली एकही आपणहून करत नाही.

पहिली गोष्ट स्पष्टतेची. बिंदूएवढी वस्तू चित्रात पसरून जेवढी दिसते तो ठिपका हर्शेलच्या २५० मायक्रॉनला १८ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), ३५० ला सुमारे २५ चा, ५०० ला ३६ चा. एका चित्रातला पिक्सेल दुसऱ्यातल्या पिक्सेलवर बसला म्हणून दोन्ही सारखेच तीक्ष्ण होत नाहीत. झूम केलं की अलादिन टाइल मोठी करतं, ठिपका लहान करत नाही. २५० चा नकाशा ५०० शी भिडवायचा तर तो ३१ विकलांच्या गाउसियनने धूसर करावा लागतो, कारण ३६ आणि १८ च्या वर्गांच्या फरकाचं मूळ तेवढं येतं. हे न करता गुणोत्तर काढलं की प्रत्येक तीक्ष्ण कडेवर खोट्या गरम-थंड पट्ट्या उमटतात, आणि त्या इतक्या पटण्यासारख्या दिसतात की अनुभवी माणूसही फसतो. अंतराच्या भाषेत सांगायचं तर हा ढग सुमारे ४०० पार्सेकवर आहे. ३६ विकला म्हणजे तिथे सूर्य-पृथ्वी अंतराच्या १४,००० पटींहून जास्त. एवढ्या जागेत एक अख्खं तारागर्भ मावतं.

दुसरी एककाची. जान्स्की हे येणाऱ्या प्रारणाचं एकक, स्टरेडियन आकाशावरच्या क्षेत्राचं. स्पायरचे विस्तृत ढगांसाठीचे नकाशे मेगाजान्स्की प्रति स्टरेडियनमध्ये असतात, पॅक्सचे जान्स्की प्रति पिक्सेलमध्ये, वाइजचे नुसत्या अंकीय गणतीत. १ मेगाजान्स्की प्रति स्टरेडियन म्हणजे चौरस विकलेला २३.५ मायक्रोजान्स्की. जान्स्की प्रति पिक्सेलचा नकाशा हिप्समध्ये नव्या पिक्सेलवर बसवताना आकडा तोच राहिला आणि पिक्सेल लहान झाला, तर बेरीज चुकते. मूळ पिक्सेल ३.२ विकलांचा आणि नवा १.६ चा असेल तर एकूण उत्तर चौपट येईल. फिट्सच्या शीर्षकात एकक लिहिलेलं नसेल तर तो आकडा वापरायचाच नाही, असा नियम करून घ्यावा.

तिसरी पायाभूत पातळीची. अशा नकाशांत शून्य कुठे आहे ते उपकरणाला स्वतःला माहीत नसतं. ते प्लँक उपग्रहासारख्या निरपेक्ष मोजणीशी जुळवून बसवावं लागतं. फ्लेमच्या गाभ्यात याने फरक पडत नाही. ढगाच्या विरळ कडेवर मात्र काही मेगाजान्स्कीची चूक तापमान कुठल्या कुठे नेते. आणि ७० मायक्रॉनचा पट्टा या गणितात घेऊ नये. तिथला बराचसा उजेड अतिसूक्ष्म कणांचा असतो. ते एकेका फोटॉनने क्षणभर तापतात आणि लगेच निवतात, त्यांना एक स्थिर तापमानच नसतं.

वीनच्या नियमातली एक गफलतही इथेच होते. पाठ्यपुस्तकातलं सूत्र २८९८ भागिले तापमान, म्हणजे २० केल्व्हिनला १४५ मायक्रॉन. पण ते दर एकक तरंगलांबीमागे मोजलेल्या प्रारणाचं शिखर. जान्स्की मात्र दर एकक वारंवारतेमागचं प्रारण मोजतं. त्यात आदर्श कृष्णवस्तूचं शिखर ५१०० भागिले तापमान, म्हणजे २५५ मायक्रॉनला येतं. मग पुन्हा धुळीचा घातांक १.८ धरला की शिखर मागे सरकून ३००० भागिले तापमान, म्हणजे १५० च्या आसपास येतं. शेवटचा आकडा पहिल्याच्या जवळ आला हा योगायोग आहे, आणि त्यामुळेच मधली चूक खपून जाते.

मोजणीसाठी म्हणूनच लाइट सोडून डेस्कटॉपकडे यावं. डाव्या बाजूच्या झाडात सर्वेक्षणांची नावं असतात. सध्याच्या चौकटीत ज्यांचा डेटा आहे ती हिरवी, नाही ती नारिंगी. नुसत्या या रंगाने खूप वेळ वाचतो. पिक्सेलच्या खिडकीतून पूर्ण आकड्यांची पद्धत निवडा, नाहीतर झलकेच्या आठ बिटांवरच काम चालू राहतं आणि ते कळतही नाही. दोन किंवा चार खिडक्या उघडून मॅचचं बटण दाबलं की सगळ्या एकाच मापात, एकाच दिशेत बांधल्या जातात. समोच्च रेषांचं (सारख्या तेजाच्या जागा जोडणाऱ्या रेषांचं) बटण तर जरूर वापरा: स्पायर २५० वर पाच-सहा रेषा काढा आणि त्या डीएसएसवर टाका. अश्वशीर्षाच्या काळ्या आकृतीला रेषा जवळजवळ बोटाने गिरवल्यासारख्या बसतात. प्रकाश अडवणारी आणि उष्णता सोडणारी धूळ एकच आहे, याचा याहून सरळ पुरावा नाही. हवा तेवढा तुकडा कापून फिट्स म्हणून साठवता येतो. हिप्समधून तुकडा देणारी वेगळी ऑनलाइन सेवाही सीडीएसने ठेवली आहे. केंद्र, रुंदी आणि पिक्सेलसंख्या दिली की फाइल मिळते. ढगाचा आकार, समोच्च रेषा, दिशा, साधारण गुणोत्तर यांसाठी या फाइल पुरेशा. प्रबंधात छापायच्या आकड्यासाठी मूळ नकाशेच हर्शेलच्या किंवा वाइजच्या संग्रहातून उतरवावेत, कारण हिप्स बनताना पिक्सेल एकदा नव्याने विणला गेलेला असतो. पाहण्यासाठी आम्ही अलादिनला पाचपैकी पाच देऊ, थेट मोजण्यासाठी पाचपैकी दोन.

अतिनील आणि क्ष-किरणांच्या बाजूला चित्र तुटक आहे, आणि तो दोष अलादिनचा नाही. गॅलेक्स या अतिनील दुर्बिणीने अतिझगमगते तारे आणि त्यांचा परिसर डिटेक्टर वाचवण्यासाठी मुद्दाम टाळला. त्या थरात मोठी कोरी भगदाडं दिसली की तिथे अतिनील नाही असं समजू नका. उलट बहुतेकदा तिथे फार जास्त आहे. चांद्रा आणि एक्सएमएम-न्यूटनचे थर ठिगळाठिगळांचे आहेत, कारण त्या वेधशाळा पूर्ण आकाश झाडत नाहीत. फ्लेमवर चांद्राचं ठिगळ आहे. काळ्या पट्टीमागचा गुच्छ तिथे ठिपक्याठिपक्यांनी उजळतो, कारण तरुण ताऱ्यांचे चुंबकीय उद्रेक कडक क्ष-किरण सोडतात आणि ते धुळीतून पार होतात. टूमासमधला लाल ठिपका आणि चांद्राचा ठिपका एकमेकांवर बसला, तर तो मागचा राक्षसी तारा नसून गुच्छातला तरुण तारा असण्याची खात्री खूप वाढते. त्या ठिपक्यावर सिम्बाड या सीडीएसच्या खगोलीय सूचीचा निर्देशक टेकवला की नाव आणि संदर्भ समोर येतात.

ईएसएस्कायशी तुलना अपरिहार्य आहे. युरोपीय अवकाश संस्थेची ही सेवा आतून अलादिन लाइटवरच उभी आहे, पण थर तरंगलांबीच्या क्रमाने मांडलेले असतात आणि एकामागून एक आपोआप फिरवता येतात. पहिल्यांदाच येणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही तीच सुचवू. हबल, वेब, हर्शेल यांच्या एकेका निरीक्षणाची चौकट आकाशावर दाखवून तिथूनच मूळ फाइलपर्यंत नेण्यातही ती सरस आहे. थरांची सेटिंग बारकाईने बदलणं, समोच्च रेषा, तुकडे कापणं, स्वतःची फाइल जोडणं यात अलादिन डेस्कटॉप पुढे.

मोबाइल डेटाचा अंदाज आधी घ्यावा. ३२ बिटांची ५१२ गुणिले ५१२ पिक्सेलची एक फिट्स टाइल न दाबता १ मेगाबाइटची होते. जेपीईजी टाइल त्याच्या तुलनेत किरकोळ. चार फिट्स थर लावून आकाशात इकडेतिकडे भटकलं की शंभर मेगाबाइट सहज उडतात. आधी जेपीईजीवर जागा पक्की करा, मग फिट्सवर या. शाळेत कार्यक्रम असेल तर डेस्कटॉपमधून तुकडे कापून पेनड्राइव्हवर न्या, तिथल्या नेटवर्कवर विसंबू नका. प्रोजेक्टरवर काळा रंग राखाडी होतो आणि अंधूक धूळ त्यात हरवते. रंगपट्टी उलटी करून पांढऱ्यावर काळी धूळ दाखवली तर मागच्या बाकावरूनही कळते.

राहिला रेडिओ. एनव्हीएसएस या रेडिओ सर्वेक्षणाचा १.४ गिगाहर्ट्झचा थर फ्लेम आणि एम ४२ वर लावला की तेजस्वी गाभ्याभोवती काळी खळगी दिसतात. ती धूळ नाही. दुर्बिणींच्या जोडजाळ्याला १५ कलांपेक्षा (पाव अंशापेक्षा) मोठी रचना पकडता येत नाही, तिची उणीव अशी ऋण आकड्यांत उतरते. या थरावर एकूण तेजाची बेरीज करू नये.

त्याहून खाली, १५० मेगाहर्ट्झवर, म्हणजे सुमारे २ मीटर तरंगलांबीला, टीजीएसएस या रेडिओ सर्वेक्षणाचा थर आहे आणि तो नारायणगावजवळच्या खोडदला असलेल्या जीएमआरटीचा आहे: ४५ मीटरच्या ३० तबकड्या, २०१० ते २०१२ ची निरीक्षणं, उणे ५३ अंशांपासून उत्तर ध्रुवापर्यंतचं आकाश, २५ विकलांची स्पष्टता. इथे फ्लेम अपेक्षेपेक्षा मंद दिसतो. कारण या वारंवारतेला दाट आयनित वायू स्वतःच्याच प्रारणाला अपारदर्शक होतो आणि त्याची तेजस्विता इलेक्ट्रॉनांच्या तापमानावर जाऊन थांबते. ते तापमान ७,५०० केल्व्हिनच्या घरात धरलं तर २५ विकलांच्या एका ठिपक्यात ८० ते ९० मिलिजान्स्कीच मावतात. नकाशातला गोंगाट ३.५ ते ५ मिलिजान्स्कीचा, म्हणजे एवढी खूण स्पष्ट कळते. फिट्स टाइल लावा आणि ढगावर कर्सर फिरवत आकडे वाचा. एखाद्या बारीक ठिपक्यावर आकडा एकदम ३००-४०० च्या वर गेला, तर तो उजेड आयनित वायूचा असूच शकत नाही. तिथे ढगामागे फार लांब असलेली एखादी रेडिओ दीर्घिका असण्याची शक्यताच जास्त.